खंडेनवमीला निजवलेलं मशीन

“फौंड्रीतल्या त्या मशीनमधलं मला काही कळत नाही, आणि ही गोष्ट सबंध शिरोलीत एकट्या मलाच ठाऊक आहे,” असं त्र्यंबक हेर्लेकर एकदा जेवताना म्हणाला होता.

त्याची बायको श्यामला ताकाचं भांडं पुढं सरकवत म्हणाली, “मलाही ठाऊक आहे. भात घ्या.”

इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित असं ताकाबरोबर पानात पडलं, याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी तो चार घास जास्त जेवला. कोल्हापुरात राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत त्याला ‘कॉम्प्युटरवाले हेर्लेकर’ म्हणत. कुणाचा रेडिओ खरखरला, कुणाची इस्त्री तापेनाशी झाली, की माणसं त्याच्याकडं यायची. तो इस्त्री हातात घेऊन उलटीसुलटी करायचा, कानाजवळ न्यायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “आतून गेलीये.” हे निदान आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

माणूस मूळचा हेर्ल्याचा. वडील तिथल्या शाळेत मास्तर. मुलगा गणितात हुशार आहे अशी वडिलांची समजूत होती, कारण परीक्षाही तेच घ्यायचे. कोल्हापूरच्या कॉलेजानं ही समजूत पहिल्याच वर्षी काढून टाकली. तिसऱ्या वर्गात बी.कॉम. सुटल्यावर तो शिरोली एमआयडीसीत भूपालअण्णांच्या फौंड्रीत लागला आणि स्टोअरच्या खिडकीशी बसला. खिडकीला जाळी होती. बाहेरून माणसं हातमोजे, फावडी, गॉगल, सुतळी मागायची आणि आतून हा म्हणायचा, “संपलंय.” कधीकधी खरंच संपलेलं असायचं. ओतकामाच्या काळ्या वाळूची धूळ दिवसभर जाळीतून गाळून आत यायची. संध्याकाळी नाक शिंकरलं की आज आपण किती नोकरी केली ते रुमालावर दिसायचं. उरलेलं आयुष्य त्या जाळीमागं जाणार, आणि एक दिवस कुणीतरी बाहेरून हाक मारील तेव्हा आतून ‘संपलंय’ एवढंच उत्तर येईल, असं त्याला वाटायचं. असे विचार त्याला जेवणाच्या सुट्टीनंतर सुचत. सुस्ती आली की माणूस तत्त्वज्ञ होतो.

त्याची सुटका एका क्रेननं केली. मुंबईला एक गिरणी मोडीत निघाली होती आणि अण्णा तिच्या लिलावात क्रेन घ्यायला गेले होते. लिलाववाले क्रेन एकटी देईनात. तिच्याबरोबर गिरणीच्या हपिसातला जुना विलायती कॉम्प्युटरही उचलावा लागत होता. अण्णांनी उचलला. ट्रकमधून दोन लोखंडी कपाटं, पिठाच्या चक्कीएवढं एक खोकं आणि एक छापायचं यंत्र उतरलं, तेव्हा हे चालवणार कोण, असा प्रश्न निघाला. त्र्यंबकनं स्टोअरमधल्या खणांवर सुरेख इंग्रजी अक्षरात लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या अण्णांच्या डोळ्यांपुढं होत्या. ज्याचं इंग्रजी अक्षर इतकं चांगलं त्याला इंग्रजी यंत्र जमेल, हा हिशेब अण्णांना सरळ वाटला. त्र्यंबकला पुण्याला शिकायला धाडण्यात आलं.

पुण्याचा शिकवणारा भरभर बोलायचा. त्र्यंबकच्या हाताला नामं लागायची, क्रियापदं निसटून जायची. त्यामुळं परत आला तेव्हा त्याच्याजवळ कंट्रोलर, सेक्टर, बफर, पॅरिटी असा बराच ऐवज होता. यातलं कोण कोणाला काय करतं, ते मात्र पुण्यातच राहिलं.

तरी मशीन चालू झालं. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं जे जे दाखवलं ते ते त्यानं तसंच्या तसं केलं. सबंध फौंड्रीत एकच खोली गारेगार होती, ती ही. तिथं खुर्ची होती, खुर्चीवर गादी होती आणि कुठंही जाळी नव्हती. अण्णांकडं पाहुणे आले की भट्टी दाखवून झाल्यावर त्यांना इकडं आणत. “हे आमचं हेर्लेकर. ह्यातलं काय ते ह्येंनाच कळतंय.” मग त्र्यंबक काही गरज नसताना दोनचार खटके वर-खाली करायचा. लाल दिवे लुकलुकायचे. पावणं खूश.

मशीनला उठवायची एक रीत होती. आधी वीज, मग डिस्कचं बटण. डिस्क म्हणजे ते चक्कीएवढं खोकं. त्याच्या पोटात तपकिरी थाळ्यांची चळत. थाळ्या फिरू लागल्या की शिट्टीसारखा आवाज चढत जायचा, वरच्या सुरावर जाऊन ठरायचा आणि हिरवा दिवा लागायचा. मग समोरच्या पट्टीवरचे खटके एका ठरावीक क्रमानं हलवायचे. हा क्रम त्र्यंबकला स्तोत्रासारखा पाठ होता, आणि बहुतेकांना स्तोत्राचा जेवढा अर्थ कळतो तेवढाच त्याला त्याचा कळत होता. त्यातून मशीनला एवढीच आज्ञा जायची, की थाळ्यांवरचं पहिलं पान वाच आणि ऊठ. ते वाचता आलं की कोपऱ्यातलं छापायचं यंत्र खडखडून जागं व्हायचं आणि आजची तारीख विचारायचं. तारीख विचारली की मशीन जिवंत.

पुढचं काम साधं होतं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेला एक नंबर असे. त्या खेपेत भंगार किती, कार्बन किती, सिलिकॉन किती, त्यातून कुठले पंपाचे भाग ओतले, हे सगळं रोज टाइप करायचं. एखादा भाग पुढं कुठं तडकला तर गिऱ्हाईक त्यावरचा नंबर कळवी आणि त्र्यंबक त्या खेपेची कुंडली काढून देई. हे काम मात्र तो मनापासून करायचा. त्याच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नसे.

मशीनला म्हातारपण आधीच लागलेलं होतं. गेल्या वर्षी पुण्याचा इंजिनिअर येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, “डिस्कचं बेअरिंग थकलंय. फिरतेय तोवर फिरेल. बंद करून गार होऊ दिलीत, तर उठेलच असं नाही.” वीज जायची, पण जनरेटर लगेच धडधडायचा, थाळ्यांना गार व्हायला सवड मिळायची नाही. इंजिनिअरची ही ताकीद त्र्यंबकनं स्वतःचा शोध असल्यासारखी सगळीकडं सांगितली. “याला झोपू द्यायचं नसतं,” तो कपाटावर हात ठेवून म्हणायचा. त्यात पॅरिटीही कुठंतरी यायची.

अण्णांचा मुलगा जयपाल इंजिनिअर होऊन आला आणि येताना टेबलावर मावेल असा नवा कॉम्प्युटर घेऊन आला. टीव्हीला टाइपरायटर चिकटवल्यासारखा. पोरगा गुणी. मोठ्या मशीनपुढं उभा राहून म्हणाला, “काका, यातलं सगळं टेपवर उतरवून द्या ना. मी पुण्यातून फ्लॉपीवर करून आणतो. डिस्कचा काय भरवसा?”

“उतरवायचं आहेच,” त्र्यंबक म्हणाला. “पण सध्या पॅरिटीचा जरा घोळ आहे.”

“कसला घोळ?”

“तेच बघतोय.”

तो काहीच बघत नव्हता. टेपचं यंत्र शेजारीच होतं, ठणठणीत होतं. दर शनिवारी तो त्यावर आठवड्याचं टाइप केलेलं उतरवायचा, आणि पुढच्या शनिवारी त्याच रिळावर पुढच्या आठवड्याचं. सगळं उतरवायला सबंध दिवस गेला असता, एवढंच. पण सगळं टेपवर गेलं की मशीन रिकामं, आणि मशीन रिकामं की खुर्ची रिकामी, हे गणित कॉलेजानंही चूक ठरवलं नसतं. अण्णांनी तर ते तोंडानंच सांगून टाकलं होतं, आणि तेही मायेनं. “मशीन चालतंय तवर तुम्ही हितं बसा निवांत. पडलं बंद, तर स्टोअर हायच की तुमचं. खिडकी काय पळून जात न्हाय.”

त्या दिवसापासून त्र्यंबक सकाळी आल्या आल्या डिस्कचा आवाज ऐकायचा. तो असला की मगच डबा खाली ठेवायचा.

इतकं सगळं ठाऊक असताना त्यानं मशीन बंद केलं. स्वतःच्या हातानं केलं.

झालं असं. सत्त्याऐंशी सालची खंडेनवमी. त्या दिवशी शिरोलीत एकही यंत्र फिरत नाही. भट्टी विझवलेली, लेथांना हार, घणांना हळदकुंकू. दुसऱ्या फौंड्र्यांत भट्टीपुढं बोकड पडायचा. अण्णा जैन, त्यामुळं इथं कोहळा. पूजा करत करत सगळी मंडळी गार खोलीच्या दारात आली. त्र्यंबकनं दरवर्षीप्रमाणं चालत्या मशीनवर झेंडूची दोन फुलं ठेवली, कपाटाच्या काचेला कुंकू लावलं आणि हात जोडले. भट्टीवरचा मुकादम केरबा दाराला टेकून उभा होता. त्याचा आवाज भट्टीच्या भात्याला पुरून उरलेला.

“हे काय वं हेर्लेकरसायेब? चालत्या मशिनीची पूजा?”

“हिला बंद करायचं नसतं, केरबा.”

“असं कसं? बेंदराला बैलाची शिंगं रंगवायची, पुरणपोळी दावायची आन् तसंच औताला जुपायचं, त्यातली गत झाली की ही.” माणसं हसू लागली तसा केरबाला जोर चढला. “आमची भट्टी इझली, क्रेन थांबली, अण्णांची मोटार बी आज हाराखाली हुबी हाय. तुमचंच एक जनावर राबतंय. का चालू करता येत न्हाय म्हणून बंद करत न्हाईसा?”

हा शेवटचा घाव केरबानं आंधळेपणानं घातला होता, पण बसला नेमका.

“येत नाही कसं?” त्र्यंबक म्हणाला. “रोज करतो की.”

रोज तो काही चालू करत नव्हता. रोज ते चालूच असे. पण अण्णा बघत होते, जयपाल बघत होता, चंदनाचा वास सुटला होता, आणि आपल्या यंत्राला क्रेनपेक्षा कमी मान मिळावा हे त्याला त्या क्षणी खरोखर सहन झालं नाही. त्यानं बटण दाबलं. शिट्टी उतरत उतरत गेली. थाळ्या थांबल्या, पंखे थांबले आणि खोलीत इतकी शांतता झाली की त्याला मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. फार बरं वाटलं. मूर्खपणा करताना बरंच वाटतं. तीच तर त्याची खूण. केरबानं पुढं होऊन कपाटावर हार चढवला, आणि एसीसकट खोली बंद करून सगळे गुळखोबरं खायला गेले.

दसऱ्याला घरी सोनं वाटून झाल्यावर श्यामला म्हणाली, “त्याला झोपू द्यायचं नसतं म्हणत होतात ना?”

“सणासुदीला जरा झोपलं तर काय होतंय?”

“मला काय ठाऊक? तुम्हीच म्हणत होतात.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फौंड्री उघडली. त्र्यंबकनं खोलीचा एसी लावला, डबा खाली ठेवला, सुकलेला हार काढला आणि डिस्कचं बटण दाबलं. खोक्यातून गुरगुर आली. शिट्टी आली नाही. त्यानं बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. गुरगुर. मोटार जोर लावत होती, थाळ्या जागच्या हलत नव्हत्या. हे समजायला पुण्याला जावं लागलं नसतं.

मग त्यानं ते सगळं केलं जे काही न कळणारा माणूस करतो. फ्यूज काढून पुन्हा तेच बसवले. केबलींची टोकं उपसून पुसून खोचली. थाळ्या फिरतच नसताना खटक्यांचं स्तोत्र दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा सावकाश. खोक्याच्या डाव्या अंगाला थाप मारली, मग कुणी बघत नाही असं पाहून उजव्या अंगाला. मधेच त्याला वाटलं, वरच्या फुलाचा कौल मागावा. पण फुलं तर मघाशीच केरात गेली होती.

जयपाल आत आला. “काका, उद्या पंप कंपनीचा इन्स्पेक्टर येतोय, लक्षात आहे ना? त्याला मागच्या वर्षीच्या सगळ्या खेपांचे कागद लागतील.”

“हो, हो. जरा गरम व्हायला ठेवलंय.”

“हे काय गरम व्हायला ठेवतात?”

“जुनं आहे ना,” त्र्यंबक म्हणाला. हे आपण थाप म्हणून सांगतोय याबद्दल त्याला काही शंका नव्हती.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊन गेली. इंजिनिअरनं पलीकडून पहिला प्रश्न विचारला, “बंद का केलंत?”

“लाइट गेली होती.”

“किती वेळ?”

“बराच.”

“तुमच्याकडं जनरेटर आहे ना?”

त्र्यंबकनं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि ‘हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही’ असं तीनदा ओरडला. ऐकू स्वच्छ येत होतं. इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतो म्हणत होता.

खोलीत परतला तर केरबा दारात उभा. आज त्याचा आवाज निम्म्यावर होता.

“उटंना म्हणं?”

“उठेल.”

“मी बोललो म्हणून बंद केलासा न्हवं?”

“नाही. माझं मी केलं.”

“कोहळ्यानं भागलं न्हाय बगा तिचं. कोंबडं तरी पायजे हुतं.”

“अण्णांच्या फौंड्रीत कोंबडं?”

“म्हणून तर उटंना.”

त्र्यंबक हसला, आणि हसतानाच त्याला हेर्ल्याच्या मामांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवलं. तेही थंडीत असंच अडून बसायचं. मामा हँडल घालून आधी हातानं फिरवायचे, चाकाला वेग आला की मग ते आपसूक धरायचं. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या पुस्तकात हा उपाय नसणार, याची त्याला खात्री होती. त्यानं कुठलंच पुस्तक वाचलेलं नसल्यामुळं ती खात्री पक्की होती.

“दार लाव,” तो केरबाला म्हणाला. “आतनं.”

खोक्याचं मागचं झाकण निघालं. आत खाली मोटार, तिच्यावरून थाळ्यांच्या चाकाला गेलेला पट्टा. त्र्यंबक पांढऱ्या शर्टानिशी जमिनीवर आडवा झाला आणि हात आत घातला.

“मी चाक फिरवतो. ‘हं’ म्हटलं की तू ते बटण दाब.”

“आंगटी काडा आदी. बोट ऱ्हाईल आत.”

अंगठी काढली. चाक आधी हललंच नाही. मग गोठलेल्या तुपातून पळी फिरावी तसं जड जड फिरलं. पुन्हा, पुन्हा. “हं!” केरबानं बटण दाबलं, मोटार गुरगुरली, दिवे मंदावले आणि चाक परत अडलं.

“जोर कमी पडतोय,” त्र्यंबक म्हणाला. “तो एसी बंद कर. तोच सगळी वीज खातोय.”

एसी बंद झाला. पुढच्या खेपेला पट्ट्यानं चाक धरलं आणि बोट त्यात अडकायच्या आत त्र्यंबकनं हात बाहेर ओढला. शिट्टी चढू लागली. वर गेली, ठरली. हिरवा दिवा लागला.

“उटली!” केरबा ओरडला, भट्टीवरच्या आवाजात.

पण नुसत्या थाळ्या फिरत होत्या, मशीन उठलं नव्हतं. त्र्यंबकनं खटके हलवले. छापायचं यंत्र गप्प. पुन्हा हलवले. पहिलं पान मशीनला वाचता येत नव्हतं. तो पुन्हापुन्हा तेच करत राहिला, कारण दुसरं काही येत नव्हतं. घाम डोळ्यांत जाऊ लागला. खोलीला खिडकी नव्हती, दार आतून लावलेलं, आणि पलीकडच्या भिंतीला भट्टीची आच. एसी पुन्हा लावायचा तो साफ विसरून गेला होता. किती वेळ गेला कोण जाणे. खोली तव्यासारखी तापली होती, केरबानं सदरा काढून खांद्यावर टाकला होता, आणि त्र्यंबकनं सवयीनं, कसलीही आशा न ठेवता, शेवटचा खटका वर केला, तेव्हा कोपऱ्यातलं यंत्र खडखडलं.

गरम व्हायला ठेवलंय, असं तो सकाळी म्हणाला होता. ती थापच औषध होती; गार पडलेल्या थाळ्यांना ऊबच हवी होती. इतकी वर्षं काही समजून घेतल्याचं सोंग केलं आणि एकदा जे खरं निघालं ते नेमकं खोटं म्हणून सांगितलेलं. त्याला जोरात हसू येत होतं.

मशीन तारीख विचारत होतं.

“केरबा, आज काय आहे?”

“एकादशी.”

“तशी नाही. तारीख, तारीख!”

“ती तुमची तुमाला म्हाईत. आमाला एकादशी.”

भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून त्यानं तारीख टाइप केली, आणि उद्याच्या इन्स्पेक्टरला लागणारे कागद धडधड छापून बाहेर येऊ लागले. जयपाल धावत आला, कागदांची चळत उराशी धरली. “काका, मानलं तुम्हाला! म्हणजे आता काळजी नाही ना? चालेल ना हे आता?”

चालेल, एवढाच शब्द म्हणायचा होता. बटणाला हात लावायचा नाही, एसी लावायचा नाही, म्हातारीला अशीच उबेत फिरत ठेवायची. वर्ष, दोन वर्षं. खुर्ची आहे तिथं राहील. त्र्यंबकनं तो शब्द तोंडात आणलाही. पण शिट्टीच्या खाली त्याला आता एक बारीक खरखर ऐकू येत होती, ताटावर सुई ओढल्यासारखी. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. अर्थ मात्र कळला.

तो काही थोर वगैरे झाला नाही. उद्या सकाळी पुन्हा या दारात येऊन कान देऊन ऐकायचं, परवा पुन्हा, याची त्याला एकदम शिसारी आली, एवढंच. आणि दुसरं असं, की त्या थाळ्यांवरचं अक्षर अन् अक्षर त्यानं स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं होतं. मशीन त्याचं कधीच नव्हतं. पण आतला तो खेपांचा सगळा हिशेब त्याचा होता. जाळीच्या या बाजूला येऊन त्यानं केलेलं खरं काम तेवढंच.

“टेपची रिळं आण,” तो जयपालला म्हणाला. “असतील तेवढी सगळी.”

“पण पॅरिटीचा घोळ?”

“आण रे आधी.”

एकामागून एक रीळ भरत गेलं. डिस्क मधेच अडायची, एकाच जागी ठेचकाळायची, छापायचं यंत्र चुकीची ओळ ठोकायचं. मग त्र्यंबक थांबायचा, तिला दम खाऊ द्यायचा आणि त्याच जागेपासून पुन्हा उतरवायला लावायचा. भरलेली रिळं केरबा बाळंतिणीच्या खोलीतनं मूल आणावं तशी दोन्ही हातांवर घेऊन टेबलावर ठेवत होता. खरखर वाढत चालली होती. शेवटचं रीळ भरलं, यंत्रानं ‘झालं’ अशा अर्थाची ओळ छापली, आणि थोड्याच वेळानं खोक्यातून असा आवाज निघाला की बाहेर मोल्डिंगवर साचे भरणारी माणसं काम टाकून धावली. हिरवा दिवा गेला. जळक्या वार्निशासारखा वास सुटला. शिट्टी एकदा खाली उतरली ती उतरलीच.

अण्णा हपिसातनं आले. “कसला वास वं ह्यो?”

“मशीन गेलं, अण्णा,” जयपाल म्हणाला. बापाला तोही अण्णाच म्हणायचा. “पण सगळं उतरवून झालंय. एक ओळसुद्धा वाया गेली नाही. हेर्लेकरकाकांनी काढलं सगळं.”

“मग झकास की!” अण्णा मोकळे हसले. “जायचं ते गेलं. हेर्लेकर, तुमच्या स्टोअरला बी माणूस पायजेच हुता.”

“नको अण्णा,” जयपाल घाईनं म्हणाला. “काकांना नव्या मशीनवर बसवू या. त्यांना सगळं कळतं. पुण्याचा माणूस उठेलच असं नाही म्हणाला होता, ते यांनी उठवून दाखवलं.”

“व्हय?” अण्णांनी त्र्यंबककडं नीट बघितलं. काळे हात, मळलेला शर्ट, घामानं कपाळाला चिकटलेले केस. “मग सांगा की हेर्लेकर. नेमकं काय बिगाडलं हुतं आन् काय केलासा तुम्ही? आमाला बी कळू दे. मग तुमालाच बसवू नव्या मशिनीवर. हाय काय त्यात?”

दारात माणसं दाटली होती. मोल्डिंगची, भट्टीची. सगळी त्याच्या तोंडाकडं बघत होती. केरबा हातातलं शेवटचं रीळ तसंच धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर त्र्यंबकविषयी असा निखळ विश्वास होता, की तो बघवेना. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन इंग्रजी शब्द, एक हात कपाटावर. खोलीत कुणालाच काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो जयपाल आपण होऊन त्याच्या बाजूनं उभा होता.

“सांगा की काका,” तो हळूच म्हणाला.

त्र्यंबकनं टेबलावरची अंगठी उचलून बोटात घातली. काळवंडलेल्या बोटात ती जाता जाईना. त्यानं ती फिरवून फिरवून बसवली. मग डबा घेतला. केरबा बाजूला सरला, त्याच्यामागची माणसं सरली, आणि त्र्यंबक त्यांच्यामधून बाहेर पडून स्टोअरच्या खिडकीकडं निघून गेला.